यादीत नसलेली मुले

एखाद्या विकारास ‘दुर्मिळ’ हे विशेषण एकदा चिकटले की त्याच्याकडे न पाहण्यास शासनास आणि समाजासही एक सभ्य निमित्त सापडते. उघडे मूत्राशय घेऊन जन्मास येणाऱ्या बालकांच्या बाबतीत असेच झाले आहे. वैद्यकात या विकारास ‘एक्स्ट्रॉफी’ म्हणतात. गर्भावस्थेत ओटीपोटाची भिंत मध्यभागी सांधली जात नाही, जघनास्थींमध्ये फट राहते आणि मूत्राशय पिशवीसारखे मिटण्याऐवजी लाल पापुद्र्याप्रमाणे पोटावर पसरून राहते. मूत्रपिंडे बहुधा निर्दोष असतात. त्यांचे काम अहोरात्र चालू असते आणि मूत्र थेंबाथेंबाने अंगावर गळत राहते.

तीस ते पन्नास हजार जन्मांमागे असे एक मूल, हे प्रमाण खरोखरच अल्प आहे. परंतु वर्षाकाठी सव्वादोन कोटींच्या आसपास जन्म होणाऱ्या देशात त्याचा अर्थ दरवर्षी साडेचारशे ते साडेसातशे मुले असा होतो. इतक्या मुलांना नगण्य म्हणावयाचे काय?

हा विकार असाध्य नाही. अमेरिकेतील शल्यविशारद ह्यू यंग यांनी १९४२ साली एका मुलीचे मूत्राशय मिटवून तिला मूत्रावर ताबा मिळवून दिल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यापूर्वी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यास जोडून वेळ निभावली जाई. त्या जोडापाशी काही दशकांनी कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो, हे पुढे ध्यानात आले. आता टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होतात. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात २००९ पासून भारतीय व अमेरिकन शल्यविशारद एकत्र येऊन असे रुग्ण हाताळीत आले आहेत. म्हणजे कौशल्य परदेशातच आहे, ही सबबही उरलेली नाही.

उणीव आहे ती अगदी पहिल्या तासात. उघड्या मूत्राशयावर कोरडी जाळीदार पट्टी ठेवली की ती चिकटते, आणि नाळेस लावलेला प्लॅस्टिकचा चिमटा त्या नाजूक अस्तरास घासत राहतो. नाळ दोऱ्याने बांधावी, वर स्वच्छ पातळ प्लॅस्टिकचे आवरण घालावे आणि बालकास तातडीने बालशल्यविशारदाकडे धाडावे, एवढे ज्ञान प्रत्येक प्रसूतिगृहातील परिचारिकेस सहज देता येईल. याला कोट्यवधींची तरतूद लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरला झाला, ही अभिमानाची गोष्ट. त्या कार्यक्रमाने निवडलेल्या तीस विकारांत नऊ जन्मजात दोष आहेत: दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयदोष आहे, मूत्रमार्गाचा मात्र एकही नाही. कोठे तरी मर्यादा घालावी लागते, हे मान्य. तथापि यादीत जे छापलेले नाही ते शोधण्याची सवय तपासणाऱ्यास लागत नाही, हा सरकारी कामाचा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय ही तपासणी पथके जातात अंगणवाडीत आणि शाळेत. ज्याच्या कपड्यांना सदैव दर्प येतो ते मूल तेथे असणार कसे? आईबाप त्याला घरी ठेवतात. मुलगी असेल तर शेजाऱ्यांनाही कळू देत नाहीत. उपचाराविना वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शस्त्रक्रियेनंतरही अनेक मुलांचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. दर काही तासांनी स्वच्छ नळी घालून ते रिकामे करण्याची पद्धत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये रूढ केली. ती साधी व स्वस्त असून शाळकरी मुलास स्वतःच्या हाताने जमते. मात्र त्यासाठी शाळेत पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवे. आरोग्य खात्याने मूल बरे करून पाठवावे आणि शिक्षण खात्याच्या मोडक्या दारापाशी त्याची शाळा सुटावी, हे टाळावयाचे असेल तर या दोन खात्यांनी या मुलांपुरता तरी परस्परांशी पत्रव्यवहार सुरू करावा.