टाळ्या पुरे झाल्या, आता मूळ निधी उभारा!

एप्रिल उजाडला की परभणी जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांना रात्र पुरत नाही. परभणी, पूर्णा, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम. 14 तारखेला सुरू झालेली भीमजयंती गावोगावी मे संपेपर्यंत चालते. गायकाला सुपारी मिळते, शाल मिळते, दहा-वीसच्या नोटा पेटीवर येऊन पडतात. मग पाऊस पडतो आणि तोच गायक दुसऱ्याच्या शेतात, बांधकामावर किंवा रिक्षाच्या हँडलवर दिसतो. त्याची मुलगी त्याच्यापेक्षा गोड गाते. ती संगीत शिकते का? नाही. का नाही, हा प्रश्न आम्ही कधी विचारतच नाही.

ज्या चळवळीचा विचार गाण्याने खेड्यापाड्यांत नेला, त्या चळवळीने गाणे शिकण्याची काय व्यवस्था केली? वसतिगृहे झाली, महाविद्यालये झाली, अभ्यासिका झाल्या, स्पर्धा परीक्षांचे वर्ग झाले. ते सगळे हवेच होते. पण वस्तीतल्या मुलाला सात वर्षे सलग संगीत शिकता येईल असा एकही निधी या जिल्ह्यात आमच्या पाहण्यात नाही. कलावंताला आम्ही टाळ्या देतो, विद्यार्थ्याला काहीच देत नाही.

आमचे गाणे कशावर तगले?

वामनदादा कर्डकांच्या वाट्याला शाळा आली नाही. अक्षरओळख झाली ती मुंबईत, मोठेपणी. तरीही त्यांनी हजारो गीते रचली आणि 2004 साली जाईपर्यंत गात राहिले. विठ्ठल उमप नोव्हेंबर 2010 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. आपल्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. त्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज ऐकायला मिळतात. टिपणारे पुण्याहून आले होते. त्यांचे आभार मानू, पण आपल्या आयाबायांचा आवाज जपण्याची यंत्रणा आपल्याकडे नव्हती, हेही मान्य करू.

म्हणजे हा सारा वारसा माणसांच्या हाडामांसावर तगला. वामनदादा वारंवार जन्मत नसतात. प्रतिभेची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. वर्तमानपत्राचा कागद रद्दीत जातो. पन्नास वर्षांनी ही आठवण ताला-सुरात कोण सांगणार? ते लेकरू आज आठ-दहा वर्षांचे असेल आणि याच जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीत असेल.

शिष्यवृत्तीचे मोल आपल्याला कोणी सांगावे?

सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाती संगीताची शाळा सोपवली. त्याच सयाजीरावांनी 1913 साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन अमेरिकेला पाठवले. राजर्षी शाहूंच्या दरबारात अल्लादिया खाँ होते आणि त्याच शाहूंनी 1920 साली 'मूकनायक'साठी अडीच हजार रुपये दिले. 'आधी शिक्षण, मग संगीत' अशी उतरंड या दोघांनी लावली नाही. एकाच तिजोरीतून दोन्हीकडे पैसा गेला.

पण राजे गेले की राजाश्रय जातो. लोकांच्या पैशावर संस्था उभारण्याचा मोठा प्रयोग विष्णु दिगंबर पलुस्करांनी केला. 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 साली मुंबईत आले, शिष्यांना ठेवून घेऊन शिकवले. मुंबईतली इमारत मात्र कर्ज काढून बांधली. कार्यक्रमांच्या पैशातून कर्ज फेडता फेडता दमछाक झाली आणि 1924 च्या सुमारास सावकारांनी ती इमारत लिलावात काढली. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत झाली! त्यांच्या निधनानंतर 1931 साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या परीक्षा आजही गावोगावी होतात. भिंती गेल्या, शिकलेले शिष्य उरले.

यातून आमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली: आधी इमारत बांधू नका, आधी मूल शिकवा. दुसरी: कार्यक्रमाच्या कमाईवर शाळा चालत नाही, तिला न मोडणारी ठेव लागते.

पैसा नेमका कुठे अडतो?

सरकारची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती दहावीनंतर, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगीत शिकायला गेलेल्या मुलाला तिचा उपयोग होईल. पण तिथवर पोहोचायला कान आणि गळा आठव्या-दहाव्या वर्षापासून तयार व्हावा लागतो. दुसऱ्या टोकाला वृद्ध कलावंतांचे मानधन आहे. म्हणजे मदत एक तर दहावीनंतर, नाही तर म्हातारपणी. मधली खरी शिकण्याची वर्षे कोरडी.

प्रारंभिकपासून विशारदपर्यंत साधारण सात वर्षे लागतात. दर महिन्याची फी, दर परीक्षेचे शुल्क, तालुक्याच्या गावाला जायचे एसटी भाडे, घरी रियाजाला पेटी किंवा तबला. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हे पेलत नाही.

आणि हा केवळ हौसेचा मामला नाही. शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि लोककलेत सहभाग असलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याच्या बापाला क्लासची फी परवडते त्याच्या गुणपत्रिकेत ते गुण जमा होतात. जिच्या घरात तीन पिढ्या गाणे आहे, तिच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून तिचा रकाना रिकामा! यालाच आम्ही गुणवत्ता म्हणायचे का?

आक्षेप आहेत, त्यांना उत्तर देऊ

पहिला आक्षेप: 'वाजवणे-गाणे हे जातीने लादलेले काम होते. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि तुम्ही परत तिकडेच नेता?' हा आक्षेप गंभीर आहे. गावाच्या मिरवणुकीपुढे हलगी बडवायची आणि उरलेसुरले घेऊन घरी जायचे, ती वेठ होती. तिला नकार देणे हीच मुक्ती होती. पण ज्याला नकार दिला ती सक्ती होती, सूर नव्हे. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे विसरू नका. जे मूल निवडून शिकते, परीक्षा देते, प्रमाणपत्र घेते आणि मानधन ठरवून गाते, ते कोणाची बलुतेदारी करत नाही.

दुसरा आक्षेप: 'शास्त्रीय संगीत त्यांचे आहे.' कोणाचे? मौलाबक्ष, अल्लादिया खाँ ही नावे पाहा. स्वरलिपी म्हणजे सुरांची बाराखडी. बाराखडी त्यांच्या शाळेत होती म्हणून आपण लिहायचे सोडले का? स्वरलिपी येत नसल्यामुळेच आपल्या जुन्या गायकांच्या चाली त्यांच्याबरोबर जात आहेत. ती शिकलेली एक मुलगी गावातल्या म्हाताऱ्या शाहिराजवळ बसून चाळीस चाली कागदावर उतरवू शकेल.

तिसरा आक्षेप: 'जो देईल त्याचा पैसा घ्या, काम होऊ द्या.' इथे मात्र थांबायचे. पठ्ठे बापूराव तमाशाच्या कमाईतून चळवळीला पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण चळवळीत आजही सांगतात. आमच्याच बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, ही ती भूमिका. निधी उभारताना हीच कसोटी ठेवावी. निवडणुकीच्या तोंडावर येणारी थैली नको. ज्या देणगीसोबत फलक, मंच आणि गप्प बसण्याची अपेक्षा येते, ती देणगी नसते, इसार असतो.

हिशेब मांडू

25 लाख रुपये हा आकडा ऐकून घाबरू नका. अडीच हजार माणसांनी हजार-हजार रुपये दिले की तो भरतो. आपले शिक्षक, बँक कर्मचारी, एसटी आणि वीज कंपनीतले कर्मचारी, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले मोजली तर अडीच हजार माणसे जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर नक्की आहेत.

ही रक्कम मुदत ठेवीत ठेवायची. 7 टक्के व्याज धरले तर वर्षाला 1 लाख 75 हजार होतात. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे 35 हजार, पुन्हा मुद्दलात टाकायचा. नाही तर महागाई निधी खाऊन टाकेल. उरलेल्या 1 लाख 40 हजारांत दहा मुलांना दरमहा हजार रुपये शिष्यवृत्ती बसते. वर 20 हजार परीक्षा शुल्क आणि वाद्यांच्या दुरुस्तीला राहतात. दहा मुले, सात वर्षे. दहा विशारद तयार झाले की ते पुढच्या शंभरांना शिकवतील. गुरुजींच्या मानधनासाठी प्रत्येक जयंती मंडळाने वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळा काढावा. डीजेच्या भिंतीतला एक खोका कमी झाला तर जयंतीची शोभा कमी होत नाही. जागेसाठी बुद्धविहार आणि समाजमंदिरे आहेतच. संध्याकाळी ती बहुतेक बंदच असतात.

आता अटी. या लेखी असाव्यात:

1. न्यास धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदवावा. देणगीच्या पावतीवर 'मूळ निधीसाठी' असे स्पष्ट लिहिलेले असावे. मुद्दल कोणत्याही कारणासाठी मोडू नये.
2. दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि 14 एप्रिलपूर्वी जमाखर्च प्रत्येक वस्तीच्या फलकावर लागावा. हिशेब न दिल्याने आपल्या किती संस्था बुडाल्या, हे वेगळे सांगायला नको.
3. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींना. गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची जी नजर तमाशाच्या फडाभोवती तयार झाली, ती मोडायची असेल तर मुलगी व्यासपीठावर प्रमाणपत्र आणि पगार घेऊन चढली पाहिजे.
4. निधी केवळ बौद्धांसाठी नसावा. मातंग, वडार, गोंधळी, कोल्हाटी, गरीब मुस्लिम, कोणत्याही श्रमिक घरातले मूल चालेल. जातीचे दार उघडायला निघालेल्यांनी स्वतःच्या दाराला कडी लावू नये.
5. निवड समितीत गाणे जाणणारी माणसे असावीत. पदाधिकाऱ्याच्या पुतण्याला शिष्यवृत्ती नाही.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने दुसऱ्याच्या घरी दळता-कांडता रचना केल्या. सातशे वर्षे लोक त्याचे कौतुक करतात. पण आज तिच्यासारखी मुलगी सापडली तर तिला जात्यावरून उठवून पेटीपुढे बसवायचे, की तिच्या कष्टांवर आणखी एक भावुक भाषण करायचे, हे आम्हाला ठरवायचे आहे.

येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठका होतील तेव्हा प्रत्येक मंडळातल्या तरुणाने उठून एकच ठराव मांडावा: वर्गणीचा दहावा हिस्सा संगीत शिक्षणासाठी. विरोध होईल, हसतीलही. ठराव लेखी घ्या, सह्या घ्या आणि पहिले हजार रुपये स्वतःच्या खिशातून टाका.

जय भीम! जय संविधान!