नवखा पक्षीनिरीक्षक जाणता कधी होतो?

थंडी पडली की निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पाणपक्ष्यांसाठी आयतीच जागा तयार झाली. २०२० मध्ये हे ठिकाण रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातील ती पहिली पाणथळ जागा. तेव्हापासून चापडगावच्या मनोऱ्यावर कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन येणाऱ्यांत नव्या चेहऱ्यांची भर पडते आहे. त्यांतले बरेच जण परतताना मोबाइलवर ‘ईबर्ड’ उघडून दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरतात.

ही यादी म्हणजे केवळ हौस नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीसह २००२ मध्ये ईबर्ड सुरू केले. भारतातील पक्षीनिरीक्षकांनी त्यावर केलेल्या नोंदींतूनच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तयार होतो. २०२३ च्या अहवालासाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतील ६० टक्के घटताना दिसल्या. शिकारी पक्षी, स्थलांतरित किनारपक्षी आणि बदके यांची घसरण जास्त आहे. नांदूरला दर हिवाळ्यात दिसणारा थापट्या आणि गावोगावच्या तारांवर बसणारा नीलपंख या दोघांचाही जागतिक धोक्याच्या यादीत फेरविचार व्हावा, अशी शिफारस त्या अहवालात आहे. म्हणजे थापट्याचे भवितव्य ठरवणाऱ्या कागदात परवा पहिल्यांदा दुर्बीण हाती घेतलेल्या माणसाचाही हात आहे. त्याच्या नोंदीवर कधीपासून भरवसा ठेवायचा, हा प्रश्न त्यामुळे मानापमानाचा उरत नाही.

ईबर्डची पहिली चाळणी यंत्राची आहे. प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी कोणता पक्षी किती संख्येपर्यंत दिसणे अपेक्षित आहे, याच्या मर्यादा ठरवलेल्या असतात. त्यापलीकडची नोंद आली की ती वेगळी काढली जाते आणि त्या भागातील स्वयंसेवक परीक्षक विचारतो: फोटो आहे का? कोणत्या खुणांवरून ओळखला? समाधान झाले नाही, तर ती नोंद निरीक्षकाच्या खासगी यादीत राहते, पण सार्वजनिक माहितीत जात नाही. पद्धत चोख आहे. मात्र नवख्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. सुटीच्या दिवशी पहाटे उठून, थंडीत कुडकुडत केलेल्या कामाबद्दल त्याला मिळालेला पहिला प्रतिसाद ‘पुरावा द्या’ हा असतो.

अशा पहिल्या प्रतिसादाचे काय परिणाम होतात, याचा सर्वांत बोलका दाखला इंग्रजी विकिपीडियाचा आहे. तेथील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचली आणि मग उतरत गेली. एरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे कारण शोधले. खोडसाळपणा रोखण्यासाठी आणलेली अर्धस्वयंचलित साधने आणि दाट होत गेलेले नियम यांच्या तडाख्यात चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांच्या दुरुस्त्याही उडवल्या जात होत्या, आणि असा अनुभव आलेले लोक परत येत नव्हते. दर्जा राखण्यासाठी घातलेले कुंपणच माणसांची आवक आटवत होते. पक्ष्यांच्या नोंदींत तर हे आणखी महाग पडते, कारण कल काढायला एकाच ठिकाणच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. दोन महिन्यांत कंटाळून गेलेल्याचा उपयोग मर्यादितच.

शिकण्याची जुनी रीत काय सांगते? जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारीचे वर्णन केले आहे. तिथे शिकाऊ मुलाच्या हाती पहिल्या दिवशी कात्री येत नाही. आधी इस्त्री, काजे-बटणे, मग शिलाई आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. बटण वाकडे लागले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले तर वाया जाते. पण बटण लावणारा मुलगाही पहिल्या दिवसापासून खऱ्याच कपड्यावर काम करत असतो, हे त्यातले मर्म. पक्षीनिरीक्षकांच्या गटातही असेच चालत आले आहे. नवा माणूस वही सांभाळतो, वारकरी मोजतो, जुनी मंडळी दूरवरच्या भोवत्याची जात ठरवतात. आता मोबाइलने हा क्रम उलटा केला. मर्लिनसारखे अ‍ॅप फोटोवरून क्षणात नाव सुचवते, आणि ज्याने अजून वारकरी मोजलेले नाहीत तो थेट कात्री चालवतो.

चूक अ‍ॅपची नाही. पर्याय सुचवणे एवढेच त्याचे काम. पण पडद्यावर नाव आले की ते नोंदवण्याचा मोह होतो. वटवट्यांचे उदाहरण घ्यावे. बोरूच्या बेटात क्षणभर हलणाऱ्या या तपकिरी पक्ष्यांच्या अनेक जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की आवाज ऐकल्याशिवाय अनुभवी माणूसही नाव घ्यायला कचरतो. ईबर्डवर ‘वटवट्या, जात अनिश्चित’ अशी नोंद करण्याची सोय आहे. नवखे तिच्याकडे फारसे वळत नाहीत, कारण नाव न सांगता येणे त्यांना अपयश वाटते. जाणते मात्र ती बेधडक वापरतात. कोण मुरला आहे हे ओळखायचे, तर त्याने पाहिलेल्या जातींचा आकडा विचारण्यापेक्षा तो ‘अनिश्चित’ किती वेळा लिहितो, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

शास्त्रज्ञांना अर्थातच एवढ्यावर थांबता येत नाही. स्टीव्ह केलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ईबर्डच्याच नोंदी वापरून निरीक्षकाचे कसब मोजण्याची पद्धत मांडली. तेवढ्याच वेळात कोणाच्या यादीत किती जाती भरतात, याचा आलेख काढला की फरक उघड होतो. तो फरक रंगीत करकोच्यासारख्या ठसठशीत पक्ष्यांमुळे पडत नाही, तो पडतो लपणाऱ्या आणि फक्त आवाजावरून कळणाऱ्या पक्ष्यांमुळे. हे मोजावे लागते, कारण नवख्याचे शिकणेही आकडे बिघडवू शकते. समजा, एखादी व्यक्ती पाच वर्षे नांदूरला जाते आणि दरम्यान तिचा कान तयार होतो. तिच्या याद्यांमध्ये वटवटे वाढतील. वाढले असेल ते तिचे ज्ञान, पण दुरुस्ती न केल्यास संगणक म्हणेल की वटवटे वाढले. म्हणून भारतीय अहवालातही एखाद्या पक्ष्याची वारंवारता काढताना यादी किती लांबीची होती, हे हिशेबात धरतात.

इथपर्यंत प्रश्न नवख्यांचा झाला. पण मुरलेल्यांचेही एक दुखणे आहे, आणि त्याच्याबद्दल कमी बोलले जाते. २०१३ मध्ये क्रिस्टियन डानेस्कु-निकुलेस्कु-मिझिल आणि सहकाऱ्यांनी बिअरची परीक्षणे लिहिणाऱ्या दोन ऑनलाइन समूहांची भाषा वर्षानुवर्षांच्या लिखाणातून तपासली. नवा सदस्य सुरुवातीला समूहाचे शब्द झपाट्याने उचलतो. समूहातील एकूण वास्तव्याचा साधारण एक तृतीयांश काळ गेला की त्याची भाषा गोठते. समूह पुढे सरकत राहतो, वासासाठी ‘अरोमा’ हा पूर्ण शब्द सोडून नुसते ‘एस’ लिहू लागतो, आणि जुना सदस्य मात्र आपल्या शब्दाला धरून बसतो. पक्ष्यांच्या जगात हे रोज दिसते. जुन्या पुस्तकांवर वाढलेले लोक आजही ‘पर्पल मूरहेन’ म्हणतात. पुढे त्याचे ‘पर्पल स्वॅम्फेन’ झाले, आणि जातींची फेरविभागणी होऊन आता तो ‘ग्रे-हेडेड स्वॅम्फेन’ आहे. ईबर्डची नामावली दरवर्षी सुधारली जाते. तिथे नव्या मुलाचे चुकत नाही, ज्येष्ठांचे चुकते. मराठी ‘जांभळी पाणकोंबडी’ला या उलथापालथीची झळ लागली नाही, हा एक फायदाच. ईबर्डवर पक्ष्यांची नावे मराठीतून पाहण्याची सोय आहे, पण तिचा बोलबाला नाही.

चापडगावच्या परिसरात एक तिसरा वर्गही आहे आणि तो या दोन्ही खणांत बसत नाही. पर्यटकांना पक्षी दाखवणारे स्थानिक मार्गदर्शक वर्षातून कितीतरी दिवस त्याच पाण्यावर असतात. बंधाऱ्यातून पाणी सोडले की कोणते बदक कुठे सरकते, हे त्यांना पाठ असते. प्रत्यक्ष पाण्यावर ते जाणते. पण त्यांनी दाखवलेला पक्षी अनेकदा पर्यटकाच्या खात्यावर चढतो, आणि स्वतःचे खाते आज उघडले तर ईबर्डच्या लेखी ते पहिल्या दिवसाचे नवखेच ठरतील. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. या मोजण्यांत मार्गदर्शकांच्या स्वतःच्या नावाने, पाहिलेल्या सर्व जातींच्या पूर्ण याद्या आल्या, तर शनिवार-रविवारच्या गर्दीपलीकडचे, आठवड्यातील सुने दिवसही नोंदीत उतरतील. त्यासाठी मनोऱ्याशेजारी बसून कोणीतरी तासभर अ‍ॅप शिकवायला हवे. फोटोचा आग्रह त्यानंतरही धरता येईल.