एकोपा? कुणाचा?

"पहिलं गाव लई एकोप्याचं होतं," असं पारावर बसून कुणी सांगू लागलं की माझं डोकं फिरतं.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आमचं जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. पाझर तलावाच्या कामावर माय खडी फोडायची, मी सुकडीच्या रांगेत. परदेशी मिलोची लाल भाकरी मोठ्या वाड्यात गेली तशी आमच्याही झोपडीत आली. भुकेनं सगळ्यांना एका बांधावर आणलं, हे खरंच. पण पाण्याचे रांजण तिथंही दोनच! आमचा रांजण आटला की दुसऱ्यातलं पाणी वरून ओतायचे, "ओंजळ धर रे."

आमच्या हातानं फोडलेली खडी चालायची, हात तेवढे चालत नव्हते.

तलाव झाला. खालच्या विहिरींना पाणी वाढलं. ज्यांची जमीन, त्यांच्याच त्या विहिरी. माती वाहणाऱ्या मायला काय मिळालं? मजुरी अन् कंबरदुखी.

दुष्काळाला दोष देऊ नका. ते रांजण पावसानं मांडले नव्हते, माणसांनी मांडले होते.

नातवाला मी एकोपा सांगत नाही, दोन रांजण सांगतो. कडू लागतं त्याला. लागू द्या. विसरलं की पुन्हा मांडतात.