भाड्याची मोटारसायकल

एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, कॅनडांत नोकरीस असलेला त्यांचा पुतण्या सुटींत बार्बाडोस बेटावर मोटारसायकल भाड्यानें घेऊन हिंडूं म्हणतो. वडील मंडळींनीं होकार द्यावा काय?

आमचा कल होकाराकडे आहे. बेट सुमारें ३४ किलोमीटर लांब व २३ रुंद. एका दिवसांत प्रदक्षिणा घडते. पूर्वेस बाथशेबा येथें अटलांटिकच्या लाटा खडकांवर आदळतात, तें स्थळ त्यानें चुकवूं नये. १६२७ पासून १९६६ पर्यंत तेथें इंग्रजांचें राज्य होतें, त्यामुळें वाहनें आपल्याप्रमाणें डावीकडूनच चालतात. पण कॅनडांत उजवीकडची संवय जडलेल्यास पहिलेंच वळण घातक ठरावयाचें! शिवाय आंतले रस्ते अरुंद, आणि ऊंस उंच वाढला म्हणजे वळणापलीकडचें कांहीं दिसत नाहीं. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने टाळलेले बरे. पाहुण्यांस निराळा परवानाहि काढावा लागतो.

खरी मेख विम्यांत आहे. प्रवासविम्याच्या पुष्कळ करारांत दुचाकीचा अपघात वगळलेला असतो. परवान्यांत मोटारसायकलीची नोंद नसल्यासहि भरपाई नाकारली जाते. मग मोडलेल्या पायाचा खर्च सर्व घरानें सोसावयाचा. यास्तव आपल्या यजमानांनीं "जपून जा" एवढेंच न लिहितां विम्याचा कागद मागवून स्वतः वाचावा. त्यांत दुचाकी नसेल तर मुलानें तेथील बसनें फिरावें. बाथशेबास बसहि जाते.