‘शहाणी झाली’ म्हणता, शहाणं केलंत का?



मुलीला पाळी आली की आपण म्हणतो, ‘शहाणी झाली.’ आणि त्याच दिवसापासून तिला शहाणपणाचं अक्षरही कळू नये याची तजवीज सुरू होते. देवाला शिवू नको, मुलांशी बोलू नको, एकटी जाऊ नको. पाळी का येते, दिवस कसे राहतात, अंगावरून पांढरं जायला लागलं तर कुणाला दाखवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

बीड जिल्ह्यातल्या बैठकांत मी हे विचारते तेव्हा आया म्हणतात, ‘लग्न झालं की आपोआप कळतं.’ आणि लग्न तर घाईनंच होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. आईबाप सहा महिने फडावर, मग मागे राहिलेल्या पोरीच्या ‘इज्जती’चं काय? द्या उजवून! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ही व्यवस्था आहे. शिकलेल्यांनीच २००७ साली संस्कृतीच्या नावानं राज्यातल्या शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं. मुलींना गप्प बसवलं आणि मुलांना मोबाईलवर सोडलं. हे गप्प बसणं जन्मभर पुरतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के!

२०१२च्या पोक्सो कायद्यानं डॉक्टरला पोलिसांत कळवणं बंधनकारक केलं. त्या धाकानं पोरी दवाखाना टाळून गावठी उपायांकडे वळतात. अठराखालच्या मुलीनं आणि तिच्या पालकांनी गर्भपाताच्या वेळी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही, असा निकाल २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं दिला. हे गावातल्या किती आयांना माहीत आहे?

म्हणून माझं म्हणणं आहे, नुसत्या लोहाच्या गोळ्या वाटून भागणार नाही. आयांशी बोला, मुलग्यांशी बोला. सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक कुठं आहे? तिथं दाराला पडदा आहे का? आणि आलेल्या पोरीला ‘लग्न झालंय का?’ हाच पहिला प्रश्न का विचारला जातो?

इज्जत राखायच्या नावाखाली पोरींची शरीरं वाऱ्यावर सोडणं आता पुरे!