टिपणे कोण लिहिणार?

ऑनलाइन परिषद म्हणजे खरी परिषद जमली नाही म्हणून उरकलेला कार्यक्रम, असा आपल्याकडे समज आहे. टाळेबंदीतल्या वेबिनारांनी तो पक्का केला: उद्‌घाटन, आभार, फीडबॅक फॉर्म, ई-मेलने प्रमाणपत्र! पण चौमिती मॅनिफोल्डच्या, म्हणजे चार मितींच्या आकारांच्या, टोपॉलॉजीची एक मूळ सिद्धता पडद्यावरच्या व्याख्यानांमुळेच सावरली गेली.

छिद्रे नसलेला बंदिस्त आकार हा मुळात गोलच, अशा अर्थाचे पॉइंकारेचे अनुमान पाच आणि त्यावरच्या मितींत स्टीफन स्मेल यांनी १९६१ मध्ये निकालात काढले. चार मितींत घोडे अडले. तिथे सिद्धतेसाठी बसवायच्या द्विमिती चकत्या एकमेकींना छेदतात आणि एक छेद काढायला जावे तर दुसरे उभे राहतात. ही न संपणारी बांधणी मायकेल फ्रीडमन यांनी १९८२ च्या निबंधात आटोक्यात आणली. त्यासाठी १९८६ मध्ये त्यांना फील्ड्‌स पदक मिळाले. निबंध मात्र जेमतेम शंभर पानांचा. युक्तिवादाचे कितीतरी दुवे मोजक्या जाणकारांच्या तोंडीच राहिले. पुढे गणितज्ञ डोनाल्डसन यांच्या चौमिती आकारांवरच्या वेगळ्या कामाने अनेकांचा ओढा दुसरीकडे गेला. फ्रीडमन यांच्या प्रमेयाचा आधार सगळे घेत. सिद्धता ओळीने वाचलेले थोडेच. गणितासारख्या काटेकोर शास्त्राला हे शोभणारे नव्हते.

२०१३ मध्ये बॉनच्या माक्स प्लांक संस्थेत गणितज्ञ पीटर टाइख्नर यांनी ही सिद्धता पुन्हा समजून घेण्यासाठी पुढाकार घेतला. फ्रीडमन कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराहून बोलत, श्रोते बॉनमध्ये. दोघांच्या घड्याळांत नऊ तासांचा फरक. व्याख्यानांचे चित्रण झाले, टिपणे निघाली आणि २०२१ मध्ये ‘द डिस्क एम्बेडिंग थिअरम’ हा सुमारे पाचशे पानांचा ग्रंथ आला. पाच संपादकांत अरुणिमा रे हे भारतीय नाव आहे.

व्याख्याने दोनेक महिन्यांची, पुस्तक आठ वर्षांनी. खरी मेहनत या मधल्या काळातली, आणि तिला विद्यापीठांच्या गुणपत्रकात रकाना नाही. नव्या प्रमेयाने बढती मिळते. दुसऱ्याची जुनी सिद्धता निगुतीने लिहून काढणाऱ्याला प्रस्तावनेतले आभार मिळाले तरी पुष्कळ.

तेव्हा पुढची ऑनलाइन परिषद भरवणाऱ्यांनी किती देशांतून किती जण जोडले गेले, हे खुशाल छापावे. मात्र टिपणे कोण लिहिणार आणि तेवढ्या काळाचा त्याचा पगार कोण देणार, हेही त्याच पत्रकात येऊ द्यावे.