‘लांब’ वेळ आणि अनुवादकाची कसोटी

इंग्रजी भाषक कालावधीविषयी बोलताना बहुधा लांबीची भाषा वापरतात. त्यांच्या लेखी वेळ ‘लाँग’ वा ‘शॉर्ट’ असतो. मराठीत तो ‘बराच’, ‘खूप’ वा ‘थोडा’ असतो. म्हणजे लांबीऐवजी परिमाण येते. जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये अशा रूपकांना विचारप्रक्रियेचे अधिष्ठान मानले. डॅनियल कासासांतो व लेरा बोरोडित्स्की यांच्या २००८ मधील प्रयोगांत पडद्यावरील अधिक लांब रेषा इंग्रजी भाषकांना अधिक काळ टिकल्यासारखी वाटली. कालावधीचा परिणाम लांबीच्या अंदाजावर मात्र आढळला नाही.

एवढ्यावरून मराठी मन काळाला लांबी देत नाही, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. आपल्याकडेही बैठक ‘लांबते’, निर्णय ‘लांबणीवर’ पडतो, आजार ‘दीर्घकाळ’ चालतो. भेद रूपकाच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या स्थानाचा आहे: ‘वेळ’ या नामाला ‘लांब’ हे विशेषण मानवत नाही, इतकेच. म्हणूनच ‘लाँग टाइम’चे ‘लांब वेळ’ करणारा अनुवाद शब्दनिष्ठ असूनही मराठीशी प्रतारणा करतो. अनुवादाच्या अध्यापनात शब्दार्थाइतकेच शब्दसाहचर्यालाही स्थान मिळावयास हवे, ते यासाठीच.